तीस उंबरे

आमच्या गारखेड्याच्या ख्रिस्ती मंडळीला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार आहे. चिटणीस पोरगा शिकलेला, सगळं कॉम्प्युटरवर लिहितो. त्यानं सरूबाईवर चार ओळी लिहून मला दाखवल्या. "कै. सरूबाई आमोलिक या अत्यंत शांत, प्रेमळ व प्रार्थनाशील भगिनी होत्या." मी म्हणालो, बाबा, ही कोणती सरूबाई? पहिली गोष्ट, कै. म्हणजे कैलासवासी, एवढं तरी ठाऊक आहे का तुला? ख्रिस्ती बाईला थेट कैलासावर पाठवलंस! आणि शांत? ती गल्लीत बोलायला लागली तर चिकलठाण्याला ऐकू जायचं. प्रार्थनाशील होती, ते खरं. पण तिची प्रार्थना म्हणजे देवाशी उभा वाद.

"मग काका, तुम्हीच लिहा," तो म्हणाला. बरं, लिहितो. पण लिहिलं तर झालं ते सगळं लिहीन. त्यातली एक ओळ खोडायची नाही, आधीच सांगतो.

मी पुंडलिक त्रिभुवन. नाव पुंडलिक आणि धर्म ख्रिस्ती, म्हणून कंपनीत लोक हसायचे. आमच्या आज्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मिशनचे साहेब म्हणाले, नवं नाव घे. आजा म्हणाला, देवानं मला याच नावानं हाक मारली, आता मधेच नाव बदललं तर मी त्याला सापडू कसा? तेव्हापासून आमच्या घरात जुनीच नावं.

आमचं गाव शेंद्र्याच्या पलीकडं, आडवाटेला. नाव लिहीत नाही, तिथं आजही माझी पुतणी नांदते. गावाबाहेर आमची वस्ती होती, तीस घरांची. सगळ्यांचे आजे-पणजे एकच, महारवाड्यातले. बारा घरं आज्याच्या काळात ख्रिस्ती झाली आणि अठरा घरांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या मागं जाऊन बुद्धाचा धम्म घेतला. भिंती मात्र त्याच राहिल्या. माझ्या घराला लागून सांडूचं घर. सांडू माझा दूरचा चुलतभाऊ, बौद्ध. त्याची बायको भागूबाई वस्तीची सुईण. नाताळात आमच्या करंज्यांची पहिली परात तिच्याकडं जायची आणि चौदा एप्रिलला तिच्या पुरणपोळ्या आमच्याकडं यायच्या.

सरूबाई आमची बायबलबाई. म्हणजे मिशनच्या नोकरीत गावोगाव पायी फिरायचं, बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, आजाऱ्याजवळ बसायचं. नवरा लवकर गेला, लेकरू नव्हतं. तेव्हा साठीला आली होती. काटक, काळी, कपाळावर आठी. मी तिच्या हाताखाली शास्त्र शिकलो. पाठ चुकला की ती मारायची नाही, पण अशी बघायची की मारलेलं बरं.

महिन्यातून एकदा शहरातून पाळकसाहेब सायकलीवर यायचे आणि प्रभुभोजनाचा विधी करायचे, भाकर आणि द्राक्षरसाचा. आदल्या शनिवारी सरूबाई बाराही घरं फिरायची. उंबऱ्यावर बसायची, तांब्याभर पाणी मागायची आणि एकच सवाल करायची. "कुणाशी अबोला हाय का?" असला तर आधी जाऊन मिटवायचा. नाहीतर उद्या मागं बसायचं, भाकरीला हात लावायचा नाही. माझे सख्खे चुलते बांधाच्या भांडणापायी तीन महिने मागं बसले होते.

एकदा ती स्वतःच मागं बसली. भागूबाईशी कोंबडीवरून वाजलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, "सरूबाई, भागूबाई काही आपल्या मंडळीतल्या नाहीत. तो अबोला यात धरत नाहीत." ही भर देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, म्हणाली, "साहेब, प्रभूनं भावाशी समेट कर म्हणून सांगितलं. त्या भावाचं नाव तुमच्या रजिस्टरात पाहिजे, असं कुठं सांगितलं?" उठली आणि तडक भागूबाईच्या घरी गेली. दहा मिनिटं आम्हाला दोघींचं कडाक्याचं भांडण ऐकू येत होतं, मग हसणं. पाळकसाहेब भाकर झाकून तसेच उभे होते.

आता अठ्ठ्याहत्तर सालचं सांगतो.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, चिकलठाण्याच्या एका कंपनीत पेंटशॉपात होतो. लोखंडी कपाटांना रंग मारायचो. आमच्या वस्तीतून कारखान्यात गेलेला पहिला माणूस मी, त्याचा तोरा वेगळाच. जुलै संपत आला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडं मराठवाड्यात बौद्धांच्या वस्त्या पेटायला लागल्या. रोज एका नव्या गावाची खबर यायची. दोन वर्षं माझ्या डब्यातली चटणी खाणारा माणूस उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. मी ख्रिस्ती हाय रे, असं त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलंही. तो म्हणाला, "व्हय, पण मूळ कुठलं?"

घरी माझी बायको राजाबाई नऊ महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण.

शुक्रवारी संध्याकाळी सायकलीवरून गावात शिरलो तर पिठाच्या गिरणीपाशी नानासाहेब उभे होते. गावातले मोठे जमीनदार. माझा बाप त्यांच्या शेतावर राबला होता. मला जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला.

"पुंडलिक, तुम्हा ख्रिस्ती लोकांचं यात काय नाय. तुमचा काय झगडा नाय आमच्याशी. बाहेरगावची पोरं येतील, तापलेली असतील, त्येंना कसं कळावं? दारावर तुमची खूण करून ठेवा. कुणी हात लावायचा नाय, माझा शब्द."

मला बरं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती, पण खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो. बरं वाटलं.

कंपनीतून उरलेल्या पांढऱ्या ऑइलपेंटचा एक डबा माझ्याकडं होता. मंडळीच्या वडीलधाऱ्यांना विचारलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवस मावळायच्या आत बारा दारांवर बारा क्रूस काढले. हातभर उंच, पांढरे फेक. सरूबाई चार दिवस कुठल्याशा तांड्यावर गेली होती. तिच्या दारावरही मीच काढला, जरा मन लावून. सांडू त्याच्या ओट्यावर बिडी ओढत सगळं बघत होता.

"रंग चांगला हाय रे," तो म्हणाला.

"कंपनीचा हाय. पावसानं जायचा नाय," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी सरूबाई आली. बसा बंद, म्हणून अकरा मैल चालत. मी देवळात सतरंजी झटकत होतो तोच तिचा आवाज आला. "कुणी केलं हे? माझ्या दाराला कुणी हात लावला?"

मी बाहेर आलो. जरा ऐटीतच म्हणालो, "मी केलं, बाई. आपल्या रक्षणासाठी. मिसर देशात मरण टळावं म्हणून देवानं आपल्या लोकांच्या दारांना खूण करायला लावली होती का नव्हती? तुम्हीच शिकवलंत."

तिनं वस्तीकडं हात केला. "मोज."

"काय मोजू?"

"बिनखुणेची दारं मोज, अकलेच्या कांद्या!"

मी मोजली. अठरा. देवाशपथ सांगतो, तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी बारा घरांचा विचार केला होता. बारांना खूण केली की अठरांना आपोआप खूण होते, एवढा साधा हिशोब मला जमला नव्हता.

"मिसरात खूण करायला देवानं सांगितलं होतं," सरूबाई म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

मी हातातली सतरंजी परत झटकायला लागलो.

"बोल की!"

"नानासाहेबांनी."

ती खाली बसली. मग म्हणाली, "पुंडलिक, मिसरातून निघताना त्या लोकांबरोबर दुसऱ्या जातीजमातीचीही माणसं निघाली होती. शास्त्रात हाय ते. मी शिकवलं बी होतं. तू त्या दिवशी आला नव्हतास वाटतं."

तेवढ्यात सोनाजी आला. सोनाजी धनगर, माळावर त्याच्या मेंढ्या असायच्या. धापा टाकत होता. पलीकडच्या गावात ट्रॅक्टर जमायलेत, उद्या दुपारी येणार, म्हणाला. "मी मेंढरं पाजायला गेलो तर बोलताना ऐकलं. पांढरी फुली सोडून बाकीची, असं बोलायलेत."

पांढरी फुली! आमच्या क्रूसाचं ते नाव झालं होतं.

रविवारी सकाळी उपासनेला बारा घरांतलं झाडून सगळं माणूस आलं. रस्ते बंद, पाळकसाहेब येणार नव्हते. सरूबाई पुढं उभी राहिली. गीत नाही, वाचन नाही.

"दर महिन्याला मी तुम्हाला इचारते, कुणाशी अबोला हाय का. आज इचारत नाय. आज आपण अठरा घरांशी अबोला धरलाय, दारावर लिहून. तो आधी पुसा."

एकच गलका झाला. माझे चुलते म्हणाले, "पुसला तर आपली बी जळतील! त्यात काय पुण्य हाय?" कुणी म्हणालं, मग तीसही दारांवर काढू. हे सगळ्यांना पटलं. अगदी दाटलेलं आभाळ मोकळं झाल्यासारखं वाटलं. एकानं तर पुढं जाऊन सांगितलं, त्येंना तातडीनं बाप्तिस्मा देऊन टाकू, म्हणजे खोटं बी होणार नाय.

"बाप्तिस्मा काय छत्री हाय, पाऊस आला की उघडायला?" सरूबाई कडाडली. पण मला म्हणाली, "जा. सांडूला इचार. दार त्याचं हाय."

मी गेलो. सांडू दारातच होता. मी सांगितलं, तुझ्या दारावरही काढतो, आजच्या दिवसापुरता.

"पुंडलिक, माझा बाप छप्पन साली कुणाला भिऊन गेला नव्हता," तो म्हणाला. "मान वर करून जगायचं म्हणून गेला. आता मी भिऊन तुझी खूण लावू? मग ती मान कशाला वर केली?" मग जरा थांबून म्हणाला, "शुक्रवारी तू ब्रश घेऊन फिरत होतास. मला वाटलं, निदान येऊन सांगशील तरी."

मी मान खाली घालून परत आलो. देवळात पुरुषांचा वाद तसाच चालला होता आणि सरूबाई तिथं नव्हती. बायकाही नव्हत्या. बाहेर खरडल्याचा आवाज येत होता.

सरूबाई खुरपं घेऊन स्वतःच्या दारावरचा क्रूस खरवडत होती. ऑइलपेंट तो, सुखासुखी निघतोय होय! रॉकेलचं फडकं, खुरपं, परत फडकं. दोन्ही हातांनी जोर लावत होती आणि तोंडानं माझा उद्धार चालला होता. माझ्या दाराशी बघतो तर राजाबाई. एवढं पोट सावरत, एका हातानं चौकट धरून, दुसऱ्या हातात विळा.

मी ओरडलो. "खुळी झालीस का? तुझ्यासाठी काढलाय तो!"

तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "माझं बाळंतपण भागूबाई करणार हाय," ती म्हणाली. "तिचं घर पेटू देऊ आन मग तिला बोलवायला जाऊ? कोणत्या तोंडानं?"

दार खरवडलं की लाकूड पांढरं पडायचं, तीच खूण होऊन बसायची. त्यावर भागूबाईनंच तोडगा काढला. शेणात राख कालवली आणि प्रत्येक दारावर एक हात फासला. आधी आमच्या बारांवर, मग त्यांच्या अठरांवर. तीस दारं सारखी झाली. कोण कोणाचं, परक्या माणसाला काही कळलं नसतं.

आता त्या अठरा घरांतल्या माणसांचं काय? सोनाजी बौद्ध घरांतली सगळी माणसं ओढ्यानं माळावर, आपल्या मेंढरांच्या वाड्यात न्यायला तयार होता. सांडूची जायची तयारी नव्हती. सरूबाईनं त्याला दंडाला धरून काढलं. मग अठरा घरं रिकामी दिसू नयेत म्हणून आम्हाला म्हणाली, "आपण पन्नासेक माणसं हाओत. उंबरे तीस. एकेका उंबऱ्यावर एकेक जण बसा. कुणी इचारलं तर एवढंच म्हणायचं, घर आमचं हाय. भावाचं घर आपलंच असतं, त्यात लबाडी नाय."

"आन तीसही पेटवली तर?" चुलत्यांनी विचारलं.

"तर तीस पेटतील," ती म्हणाली. "मी काय तुम्हाला फसवत नाय. जळू शकतात."

एकेक जण जाऊन बसला. आज विचार करतो तर त्याचंच नवल वाटतं, भित्री-भित्री म्हणवणारी आमची माणसं बसली. राजाबाईला देवळात जा म्हणालो तर ऐकेना. ती आमच्या उंबऱ्यावर, मी सांडूच्या. मधे एक भिंत. सरूबाई स्वतःचं घर एका शेजारणीवर सोपवून अगदी टोकाच्या घरी बसली, गावाकडून येताना जे पहिलं लागतं तिथं. आभाळ भरून आलं होतं, पाऊस मात्र पडत नव्हता.

बारा-साडेबाराला ट्रॅक्टर ऐकू आले. तीन होते. मागं पायी माणसं. काठ्या, कुऱ्हाडी, रॉकेलचे डबे. आमच्या गावचं ओळखीचं तोंड एकही नव्हतं. नानासाहेब घरात बसून असणार. पुढं एक उंच पोरगा, तोंडाला रुमाल बांधलेला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत दारं बघत गेला. पांढरी फुली कुठंच नाही. सगळीकडं शेणाचा हात, सगळीकडं माणूस बसलेलं.

"ही कुणाची घरं?" त्यानं एकाला विचारलं.

"आमची."

दुसऱ्याला विचारलं. "आमचं हाय."

ते थबकले. आपसांत बोलायला लागले. एक जण म्हणाला, ही तर सगळी मिशनवाल्यांची दिसायलीत, चला पुढं. ट्रॅक्टरवरचा एक जण तर खाली उतरलेला परत वर चढला. आणखी थोडं, असं मी मनात म्हणत होतो, देवा, आणखी थोडं.

तो रुमालवाला परत फिरला. सांडूच्या ओट्यासमोर, माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मारलं नाही, शिवी दिली नाही. अगदी समजुतीनं मोठ्यानं म्हणाला, "हे बघा, ख्रिस्ती लोकांशी आमचं वैर नाय. ज्यानं त्यानं आपापल्या दारात जाऊन बसावं. त्येंना धक्का लागणार नाय, आईची आण. पण खोटं बोललात तर सगळं पेटवून देऊ."

भिंतीपलीकडून राजाबाईचा हळू आवाज आला. "उठू नका हो."

मी उठलो.

कसा उठलो ते मला सांगता येत नाही. पाय आपोआप उठले असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. मी ठरवून उठलो. सांडूच्या ओट्यावरून उतरलो, पाच पावलं चाललो आणि माझ्या दारात, माझ्या बायकोजवळ जाऊन बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी बसलो आणि समोरचे माझे चुलते उठले. मग त्यांच्या शेजारचा. मग सगळी वस्ती उठली. मिनिटभरात ज्याच्या त्याच्या घरापुढं माणसांची गर्दी आणि बौद्धांचे अठरा उंबरे ओस.

अठरा नव्हे, सतरा. सरूबाई टोकाच्या उंबऱ्यावर तशीच बसून होती.

"म्हातारे, तुझं घर कुठलं?"

"हेच."

"तू ख्रिस्ती नाहीस का?"

"हाय की. बाप्तिस्मा झालेली हाय," सरूबाई म्हणाली. तिचा तो आवाज, चिकलठाण्याला जाणारा. "म्हणून तर हितं बसलेय."

दोघांनी तिला बाजल्यासारखी उचलली आणि समोरच्या लिंबाखाली नेऊन ठेवली. मग पेटवापेटवी सुरू झाली. अठरा घरं आणि एकोणिसावं तिचं. तिच्या घरावर ज्या शेजारणीला बसवलं होतं ती आपल्या दारात निघून गेली होती. आता हे घर कुणाचं असं त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही अकरा घरांतल्या पन्नास माणसांनी तोंडं शिवून घेतली. सरूबाईचं आहे, एवढं सांगायलाही कुणाची जीभ उचलली नाही.

भिंत मातीची म्हणून माझं घर वाचलं.

चारला पोलीस आले. सरूबाई अजून लिंबाखालीच होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो, रडलो, म्हणालो, बाई, माझ्या घरी चला. ती रडत नव्हती. रागावलीही नाही, आणि तेच मला सहन होईना.

"सांडूला तू सांग," ती म्हणाली. "पहिला कोण उठला ते. मी सांगणार नाय. ते सांगणं तुझं हाय. सांग, मग मी तुझ्या घरी येते."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून.

सांडूची माणसं शहराजवळ एका शाळेत राहिली, मग गारखेड्याकडं टिनाच्या शेडात. सरूबाई त्यांच्याबरोबर गेली. पाचव्या दिवशी राजाबाईच्या पोटात दुखायला लागलं आणि भागूबाई त्या शाळेतून चालत आली. तिच्याकडं अंगावरच्या लुगड्याखेरीज काही उरलं नव्हतं. रात्रभर जागून तिनं माझी मुलगी या जगात आणली. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं होतं मी. पण ती लेकराला न्हाऊ घालत होती, हसत होती. म्हणलं, आज नको.

असं आज नको, आज नको म्हणत वर्षं गेली. वस्तीत कुणीच बोललं नाही, कारण त्या दिवशी सगळीच उठली होती. त्या लोकांना घरं ठाऊकच होती, असं सगळे म्हणायचे. सांडूलाही तेच वाटत राहिलं. पुढं मीही गारखेड्यात घर बांधलं, त्याच्या दोन गल्ल्या सोडून. सरूबाई त्याच्याच घरात राहिली. दर रविवारी देवळात यायची, आमच्या पोरांना शास्त्र शिकवायची, सगळ्यांना झापायची. मलाही झापायची. माझ्या घरी मात्र पाण्याच्या घोटालाही आली नाही कधी. मुलीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणालासुद्धा मांडवातून परत गेली. लोक म्हणायचे, म्हातारीचा काय राग आहे कोण जाणे. नव्वद साली ती वारली. शेवटचा महिनाभर अंथरुणाला होती. मी रोज कंपनीतून सुटलो की डबा घेऊन सांडूच्या घरी जायचो. तिच्या उशाशी बसायचो. चौऱ्याण्णवला विद्यापीठाला नाव लागलं तेव्हा सांडूनं पहिला पेढा माझ्या तोंडात भरला. तोही मी खाल्ला.

आता हे सगळं लिहून झालं आणि छापायला द्यायच्या आधी, परवा, मी सांडूला घरी बोलावलं. भागूबाई तीन वर्षांपूर्वी गेली. तो आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कानानं बरा आहे. मी त्याला हे पहिल्यापासून वाचून दाखवलं. मी उठलो, या ओळीपाशी थांबलो. पाणी प्यालो आणि पुढचं वाचलं.

तो म्हणाला, "तुला काठी लावली होती त्येंनी?"

"नाय."

"नुसतं म्हणाले, आपल्या दारात जा?"

"व्हय."

"सरूबाईला ठाऊक होतं?"

"तिच्या डोळ्यांसमोर उठलो, सांडू."

तो माझ्या हातातल्या कागदांकडं बघत राहिला.

"त्या शेवटच्या महिन्यात," तो म्हणाला, "तू डबा ठेवून गेलास की ती मला रोज इचारायची. पुंडलिक काय बोलला का तुला? मला वाटायचं, भरमिष्टली म्हातारी. मी म्हणायचो, बोलला की, लई बोलतो, पावसाचं, कंपनीचं, पोरीच्या शाळेचं. मग ती भिंतीकडं तोंड करून निजायची. जेवायची नाय. मरायच्या दिवशी बी इचारलं तिनं. मी म्हणालो, आई, आज तो अजून यायचा हाय. तर म्हणाली, मग जरा थांबते. आन सहा वाजेपर्यंत थांबली बिचारी. तू आलास, बसलास, पावसाचं बोललास."

सांडू उठला. मी त्याला आधार द्यायला हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. भिंतीला धरून चप्पल घातली आणि निघून गेला.